गूळ, डिकी आणि गोल्फची स्टिक

मे महिन्यात मामांची गोल्फची स्टिक दोन तुकडे होऊन घरी आली. दांडी हातात, डोकं पिशवीत. मामा लष्करातून निवृत्त. कोल्हापूरसारख्या फुटबॉल आणि कुस्तीच्या गावात गोल्फ खेळणारा माणूस म्हणजे गल्लीत तसा कौतुकाचाच विषय. त्यांच्या स्टिकची बॅग कायम गाडीच्या डिकीत. "ऊन लागून डिंक वितळला," हे त्यांचं निदान.

मी गप्प बसलो, कारण ती स्टिक गेल्या डिसेंबरात मीच चिकटवली होती.

तो डिंक नसतो, एपॉक्सी असतं. दोन नळ्या, एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. १९४६ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने आणलेलं अरल्डाईट याच जातीचं. दोन्ही एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंतून एक जाळं विणतात. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तसं हे जाळंही वितळत नाही. फार तापवलं तर जळतं.

पण मऊ मात्र होतं. थंडीत गुळाची ढेप बत्त्याने फोडावी लागते, वैशाखात त्याच ढेपेत बोट रुततं. मधल्या कुठल्यातरी तापमानाला गूळ काचेसारखा टणक राहायचं सोडून देतो. एपॉक्सीलाही असा उंबरठा असतो, त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. फरक इतकाच, की गूळ आणखी तापवला तर वाहू लागतो. एपॉक्सी रबरासारखं होऊन तिथेच थांबतं. घरच्या तापमानाला धरलेल्या साध्या एपॉक्सीचा उंबरठा बहुधा ५० ते ७० अंशांच्या दरम्यान असतो. उन्हात उभी केलेली बंद गाडी तिथपर्यंत सहज जाते.

म्हणजे मामा बरोबर? आकडेमोड करून बघितली. डोकं २०० ग्रॅमचं, वेग ताशी १५० किलोमीटर धरला, तर ते दांडीतून निसटायला बघतं ते साधारण ३० किलोच्या ओढीने. दांडीचं टोक साडेआठ मिलिमीटर जाड, डोक्याच्या भोकात गेलेलं ३५ मिलिमीटर, म्हणजे चिकटलेली जागा ९०० चौरस मिलिमीटरच्या वर. चांगलं एपॉक्सी दर चौरस मिलिमीटरला २ किलोच्या आसपास ओढ सोसतं. एकूण पावणेदोन टनांच्या वर! उन्हाने नव्वद टक्के ताकद गेली, तरी ३० किलोला पुरून उरावी. चेंडू डोक्याच्या कडेला लागला की दांडीला पीळ बसतो, आणि तो पीळ मऊ सांध्याला जाचतो, हे खरं. पण धडधाकट सांधा एका उन्हाळ्यात हात टेकत नाही.

शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी दांडीचं टोक उजेडात धरलं. चकचकीत, आरशासारखं. मग डोक्याच्या भोकात उरलेल्या थरावर नख ओढलं, पांढरा ओरखडा उठला. "घासलंच नव्हतं की ओ. आणि हार्डनर किती घातला?"

जास्तच घातला होता. लवकर धरावं म्हणून. सिमेंटमध्ये पाणी वाढवून भिंत लवकर उभी राहत नाही, तसंच हे. रेझिनच्या ठरावीक रेणूंना हार्डनरचे ठरावीक रेणू पुरतात. उरलेले जाळ्यात बिनकामाचे अडकून राहतात, आणि उंबरठा खाली येतो. वर डिसेंबरातली रात्र. थंडीत जाळं हळू विणलं जातं, आणि थर घट्ट होऊ लागला की रेणूंना हलायलाच जागा उरत नाही. काम अर्धवट थांबतं. म्हणून एपॉक्सी ज्या तापमानाला धरतं, त्याच्या थोडंच वर गेलं की ते मऊ पडतं. नंतर ऊब दिली तर अडलेली गुंफण पुन्हा चालू होते आणि उंबरठा वर सरकतो. धरताना ऊब मिळालेला सांधा पुढे उष्णता जास्त सोसतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मिस्त्रींनी हॉट एअर गनने भोक तापवून जुना थर मऊ केला आणि खरवडून काढला. मामांना आणखी एका स्टिकची शंका होती, तिचंही डोकं काढलं. ती दांडी कार्बनची. तिथे ते बिचकत होते. लोखंडी दांडीला पीळ देऊन डोकं सोडवता येतं; कार्बनच्या दांडीत धागे बांधून ठेवणारं रेझिनही याच घराण्यातलं. जास्त तापवलं किंवा पिळलं की धागे सुटतात आणि दांडी बाद. ते थोडं थोडं तापवत सरळच ओढत राहिले.

मग खरखरीत कागदाने टोक घासलं, स्पिरिटने पुसलं, काट्यावर तोलून मिश्रण केलं. रात्रभर आडवं ठेवलं. सकाळी मी मामांना घेऊन स्टिक न्यायला गेलो तर ती शेडच्या पत्र्यावर, भर उन्हात.

"अहो, उन्हानंच तर..." मामा म्हणाले.

"असू द्या दुपारपर्यंत," मिस्त्री म्हणाले आणि लेथकडे वळले.