वादळरोधक कापडी पडदे

हरिकेन किंवा चक्रीवादळ येण्यापूर्वी घराच्या खिडक्या, दारे, गॅरेजचे दार व उघडे व्हरांडे यांवर बाहेरून ताणून बसवण्यात येणारे, कृत्रिम धाग्यांच्या घट्ट विणीचे लवचिक संरक्षक पडदे. यांचा वापर मुख्यतः अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात व मेक्सिकोच्या आखातालगतच्या इतर किनारी राज्यांत होतो. लाकडी झडपा, प्लायवूडचे तक्ते, पन्हळी पोलादी किंवा ॲल्युमिनियमचे पत्रे आणि आघातरोधक काच हे संरक्षणाचे इतर प्रकार आहेत.

हरिकेन हा शब्द स्पॅनिशमार्गे कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून आला, असे बहुतेक कोशकार मानतात. मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या हुराकान या देवतेशी त्याचा संबंध जोडण्याचाही प्रयत्न झाला आहे. परंतु त्या नावाची फोड ‘एक पाय’ अशी केली जाते आणि हे ध्वनिसाम्य योगायोगाचे असणे अधिक संभवते.

संरक्षणाचे तत्त्व : खिडकीची काच वाचवणे हा या पडद्यांचा हेतू असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे असले, तरी अपुरे आहे. मूळ हेतू घर बंद ठेवण्याचा आहे. वाऱ्याच्या समोरची एखादी मोठी खिडकी किंवा गॅरेजचे दार फुटले, की वारा आत शिरतो आणि आतला दाब एकदम वाढतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा छपराला बाहेरून वर खेचत असतोच. त्यात आतून वर ढकलणाऱ्या दाबाची भर पडते. अमेरिकी स्थापत्य अभियंता संस्थेच्या भारविषयक मानकात अंतर्गत दाबाचा गुणांक बंद इमारतीसाठी ०·१८, तर अंशतः बंद इमारतीसाठी ०·५५ धरला आहे, म्हणजे एक खिडकी फुटल्याने आतला दाब तिपटीने वाढू शकतो. फुटलेल्या खिडकीमुळे छप्पर उडते आणि छपरामागोमाग भिंती पडतात, असा हा क्रम आहे. काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारण्याची रूढी या दृष्टीने निरुपयोगी ठरते. पट्टीने काचेची ताकद वाढत नाही. उलट तुकडे मोठे व अधिक धोकादायक होऊ शकतात.

लवचिक कापड जड लाकडाचा घाव झेलू शकते, याचे कारण थांबण्याच्या अंतरात आहे. ४·१ किलो वजनाची लाकडी फळी सेकंदाला सुमारे १५ मीटर वेगाने आली, तर तिची ऊर्जा ४७० जूलच्या आसपास भरते. कडक पत्र्याने ती ३ सेंमी.मध्ये थांबवली, तर सरासरी बल सुमारे १६०० किलोभाराइतके होते. कापडाने ३० सेंमी. मागे सरत थांबवली, तर ते त्याच्या दहाव्या हिश्श्यावर येते. क्रिकेटमध्ये वेगवान चेंडू हात मागे नेत झेलतात, तोच हा न्याय. मात्र कापड जितके आत झुकेल, तितके अंतर पडदा आणि काच यांच्यामध्ये मोकळे असावे लागते. ते नसेल तर पडदा शाबूत राहूनही काच फुटते.

वाऱ्याच्या दाबाचे गणित याला जोडूनच येते. सेकंदाला ५० मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोभार इतका दाब देतो. हा दाब कापड ताणाच्या रूपाने कडांकडे पोहोचवते, आणि झोळ निम्मा केला तर कडांवरचा ताण दुप्पट होतो. त्यामुळे पडदा ढोलासारखा ताठ बसवणे दिसायला चांगले असले, तरी भिंतीतील अँकरांवर, म्हणजे पडदा धरून ठेवण्यासाठी भिंतीत रुतवलेल्या बोल्टांवर, त्याचा भार वाढतो. सैल बसवावा, तर काचेपासूनचे अंतर वाढवावे लागते. या दोहोंतील मेळ घालणे हाच पडद्याच्या रचनेचा गाभा आहे.

कसोटीचा उगम : पडद्याला मान्यता देण्यापूर्वी त्यावर लाकडी फळी आदळवून त्याची कसोटी घेतात. या कसोटीतील ४·१ किलोची फळी व सेकंदाला १५ मीटर हे आकडे कोठून आले, याविषयी दोन परंपरा पुढे येतात. पहिली ऑस्ट्रेलियातील. २५ डिसेंबर १९७४ रोजी ट्रेसी चक्रीवादळाने डार्विन शहराची बहुतेक घरे उद्ध्वस्त केली. जॉर्ज वॉकर यांनी त्या हानीचा जो अभ्यास केला, त्यातून उडत्या अवशेषांचे घाव, अंतर्गत दाब आणि छपराच्या पत्र्यांचे स्क्रू-खिळे वारंवारच्या ताणाने कमकुवत होणे हे प्रश्न ऐरणीवर आले. पुढे १९८९ च्या ऑस्ट्रेलियन वारा-भार मानकात १०० × ५० मिमी. छेदाचा, ४ किलो वजनाचा लाकडाचा तुकडा सेकंदाला १५ मीटर वेगाने आदळवण्याची अट आली. दुसरी परंपरा टेक्सस टेक विद्यापीठातील. ११ मे १९७० रोजी लबक शहरावर आलेल्या टॉर्नेडोनंतर तेथे जोसेफ मायनर प्रभृतींनी वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वस्तूंचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. लाकडी फळी हे घरांच्या पडझडीतून निघणारे नमुनेदार अस्त्र होय, ही कल्पना त्या अभ्यासात ठळक आहे. तथापि टॉर्नेडोच्या आश्रयखोल्यांसाठी अमेरिकेत स्वीकारलेली फळी ६·८ किलोची असून वेग कितीतरी अधिक आहे. फ्लॉरिडातील ९ पौंड व सेकंदाला ५० फूट हे आकडे मेट्रिकमध्ये मांडले, की ते डार्विननंतरच्या आकड्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. त्यामुळे आकड्यांपुरता तरी डार्विनचा वारसा अधिक ग्राह्य वाटतो. दोन्ही देशांतील संशोधकांचा परस्परांशी संपर्क होता, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

फ्लॉरिडात या कसोटीला कायद्याचे बळ मिळाले ते अँड्र्यू हरिकेननंतर. २४ ऑगस्ट १९९२ रोजी ते मायामीच्या दक्षिणेस होमस्टेडजवळ धडकले. हरिकेनच्या पाच श्रेणींपैकी त्याची तीव्रता प्रथम चौथ्या श्रेणीची ठरवली होती. २००२ मधील फेरतपासणीत ती पाचव्या श्रेणीची, म्हणजे ताशी सुमारे २६५ किमी. वाऱ्याची, ठरली. हानीच्या पाहणीत गॅरेजची दारे, त्रिकोणी गेबल भिंती व असंरक्षित खिडक्या येथून पडझड सुरू झाल्याचे आढळले. १९९४ पासून दक्षिण फ्लॉरिडाच्या इमारत नियमावलीत आघात-कसोटी बंधनकारक झाली. १ मार्च २००२ पासून लागू झालेल्या राज्यव्यापी नियमावलीत मायामी-डेड व ब्रॉवर्ड या दोन काउंट्यांना (जिल्ह्यांसारख्या विभागांना) अतिवेगवान हरिकेन क्षेत्र असा वेगळा दर्जा आहे.

जमिनीपासून ३० फुटांपर्यंतच्या उघड्या भागांसाठी फळीची, तर त्यावरील भागांसाठी पोलादाच्या लहान गोळ्या मारण्याची कसोटी असते. फळी पडद्याच्या मध्यावर व कोपऱ्याजवळ मारतात. त्यानंतर तोच, घाव सोसलेला नमुना आत-बाहेर उलटसुलट दाबाच्या आवर्तनांखाली ठेवतात. मायामी-डेडच्या पद्धतीत ही आवर्तने १३४२, तर अमेरिकेत सर्वसाधारण वापरात असलेल्या मानकात ९००० आहेत. कसोटीचा हा दुसरा भाग अनेक वर्णनांत मागे पडतो. वास्तविक, एका घावानंतर वादळ थांबत नाही. फाटलेल्या धाग्यांना पुढचे कित्येक तास तग धरायचा असतो. कापडाच्या बाबतीत आघाताच्या क्षणी ते किती आत झुकले, हेही नोंदवतात व त्यावरून काचेपासूनचे किमान अंतर ठरते.

कापड व जडणी : पॉलिप्रॉपिलीनच्या एकेरी जाड धाग्यांची वीण सर्वाधिक प्रचलित आहे. ती रस्ते व बंधारे यांच्या बांधकामातील मातीखाली अंथरायच्या कापडाशी नाते सांगते. घरांच्या संरक्षणासाठी तिचा वापर साधारणतः १९९० च्या दशकापासूनचा. याखेरीज व्हिनाइलचा लेप दिलेले पॉलिएस्टर व अरामिड या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्यांची कापडेही वापरात आहेत. उघड्या विणीतून उजेड व थोडी हवा आत येते. वीज गेलेल्या घरात दिवसभर अंधार राहत नाही, हे पत्र्यांच्या तुलनेत मोठेच सुख आहे. परंतु हवा आत येते म्हणजे दाबाचा काही अंश मागच्या काचेला सोसावाच लागतो, आणि पावसाचे बारीक तुषारही येतात.

पडद्याच्या कडा दुमडून शिवतात व त्यांत ठरावीक अंतरावर धातूची आयलेट (भोकांच्या कड्या) बसवतात. भिंतीत आधीच पक्के केलेल्या अँकरांवर ती नटांनी आवळतात. मोठ्या व्हरांड्यांसाठी पट्टे व बक्कल, तर बाजूच्या खाचेतून सरकणारे, मोटरीने गुंडाळले जाणारे पडदेही मिळतात. अँकर कशात बसला आहे, यावर सारे अवलंबून असते. काँक्रीट, पोकळ ठोकळे व लाकडी चौकट यांसाठी अँकर वेगळे. नुसत्या गिलाव्यात ठोकलेला अँकर पहिल्याच झोतात उपटतो आणि उत्तम कापडही वाया जाते.

अमेरिकेत हरिकेनचा इशारा वादळी वारे पोहोचण्याच्या साधारण ३६ तास आधी दिला जातो. तेवढ्या वेळात सामान भरणे, पेट्रोल घेणे व घर बंद करणे ही सारी कामे उरकायची असतात. प्लायवूडचा ११ मिमी. जाडीचा एक पूर्ण तक्ता सुमारे २० किलोचा भरतो. तो शिडीवर चढून धरायला दोन माणसे लागतात. एकट्या वृद्ध माणसाला घडी घालून कपाटात ठेवता येणारा पडदा त्याहून पुष्कळ सोयीचा, आणि त्याच्या प्रसाराचे खरे कारण हेच असावे.

मान्यता व विमा : मायामी-डेड काउंटीचे स्वीकृतिपत्र किंवा राज्याचा उत्पादन-मान्यता क्रमांक असलेलाच पडदा नियमात बसतो. फ्लॉरिडात वादळरोधक उपायांसाठी विमा-हप्त्यात सवलत देणे विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. घराच्या सर्वच काचा संरक्षित असतील, तरच पूर्ण सवलत मिळते. २००४ साली चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन व जीन ही चार हरिकेने एकाच मोसमात फ्लॉरिडाला भोवली. त्यानंतर २००६ मध्ये घरे बळकट करण्यासाठी राज्याने अनुदान योजना सुरू केली.

मर्यादा : पॉलिप्रॉपिलीन अतिनील किरणांनी ठिसूळ होते. त्यात काजळी व स्थिरकारके मिसळतात. तरीही पडदे वर्षभर उन्हात टांगून ठेवू नयेत. पुराच्या पाण्यापासून ते संरक्षण देत नाहीत. सर्व दारे बाहेरून बंद केल्यास आगीच्या वेळी माणसे आत अडकतात. म्हणून किमान एक वाट आतून सोडवता येईल अशी ठेवणे अत्यावश्यक आहे.

भारतातील स्थिती : भारतात या पडद्यांचा घरगुती वापर रुजलेला नाही. कमी उंचीच्या इमारतींच्या चक्रीवादळ-प्रतिकारासाठी भारतीय मानक ब्यूरोने २००४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. वारा-भाराच्या २०१५ च्या मानकातील चक्रीवादळासाठीचा वाढीव गुणांक पूर्व किनारा व गुजरातच्या किनाऱ्यालगतच्या ६० किमी. पट्ट्याला लागू आहे. कोकण त्यात येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किमी. वेगाच्या वाऱ्यांनिशी अलिबागच्या दक्षिणेस रायगड किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन परिसरातील घरांचे पत्रे व कौले उडाली, तेव्हा हा प्रश्न कोकणालाही परका नसल्याचे दिसून आले. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर ओटी-पडवीला नारळाच्या विणलेल्या झावळ्यांची झापे किंवा ताडपत्री बांधतात. तो उपाय पावसाच्या झडीसाठी आहे. त्याचे वादळरोधक पडद्यांशी बाह्य साम्य असले, तरी उडत्या वस्तूंचा घाव झेलण्याची त्याच्याकडून अपेक्षा नसते.