नवा रेसिंग ड्रोन घरी नेलात? 'अपडेट'ला हात लावण्याआधी हे वाचा

आम्ही नाशिकला रेसिंग ड्रोन जोडून विकतो. ड्रोन घरी गेला की दोन-तीन दिवसांत फोन येतो. "काल छान उडत होता, आज थ्रॉटल दिला की जागेवर भिंगरीसारखा फिरतो." "रिमोट लागत नाही." "गॉगलमध्ये बॅटरीचा आकडाच दिसेना." मधे काय केलं म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं असतं: यूएसबीने लॅपटॉपला जोडला, बेटाफ्लाईटची, म्हणजे ड्रोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती दिसली, फ्लॅश केली (बोर्डात भरली).

मोबाईल अपडेट केला तर फोटो आणि नंबर जागेवर राहतात. फ्लाईट कंट्रोलरचं, म्हणजे ड्रोन सांभाळणाऱ्या मुख्य बोर्डाचं, तसं नाही. फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) फ्लॅश केलं की सेटिंग कारखान्याच्या मूळ अवस्थेत जातात आणि त्या मूळ सेटिंगना तुमचा ड्रोन माहीत नसतो. रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) बोर्डावरच्या कोणत्या यूएआरटी पोर्टवर सोल्डर केलाय, बोर्ड फ्रेममध्ये किती अंश फिरवून बसवलाय, मोटर आतल्या बाजूला फिरतात की बाहेरच्या, व्हीटीएक्सचं (गॉगलला चित्र पाठवणाऱ्या ट्रान्समीटरचं) फ्रिक्वेन्सी टेबल कोणतं, ओएसडीवर (गॉगलमधल्या चित्रावर येणाऱ्या आकड्यांत) काय दिसायचं, आर्मचा, म्हणजे मोटर चालू करायचा, स्विच कोणता, हे सगळं पुसलं जातं. आवृत्ती ४.४ पासून तर फर्मवेअर क्लाऊडवर तुमच्या निवडीप्रमाणे बनतं. तिथे रिसीव्हरचा प्रोटोकॉल (बोर्डाशी बोलायची पद्धत) चुकीचा निवडला तर बरोबर प्रोटोकॉल त्या फर्मवेअरमध्ये नसतोच, मग सेटिंग कितीही बदला, रिमोट लागणार नाही. टार्गेटच (बोर्डाचं मॉडेल) दुसऱ्या बोर्डाचं निवडलं, तर बोर्ड डीएफयू मोडमध्ये (फक्त फ्लॅशिंगसाठीच्या अवस्थेत) घालून पुन्हा फ्लॅश करेपर्यंत यूएसबीवर दिसतही नाही.

म्हणून घरी गेल्यावर पहिलं काम बॅकअपचं. प्रॉप (पाती) काढलेले असू द्या, बॅटरी लावू नका, फक्त यूएसबी जोडा. लॅपटॉपवरच्या बेटाफ्लाईटच्या सीएलआय (कमांड लिहायच्या) टॅबमध्ये 'डिफ ऑल' (diff all) ही कमांड द्या, ती बदललेल्या सगळ्या सेटिंगची यादी देते, आणि आलेला मजकूर फाईल म्हणून सेव्ह करा. दोन मिनिटं लागतात. फाईलच्या नावात तारीख आणि बेटाफ्लाईटची आवृत्ती घाला, कारण ४.३ ची फाईल ४.५ मध्ये जशीच्या तशी चिकटवली तर ज्या सेटिंगची नावं मधल्या काळात बदललीत तिथे एरर येतात. एररच्या ओळी तशाच सोडून 'सेव्ह' केलं की अर्धवट सेटिंगचा ड्रोन हातात राहतो, आणि त्यातला दोष शोधणं कोऱ्या ड्रोनपेक्षा अवघड जातं.

"मग तुम्ही जुनी आवृत्ती का देता?" असंही विचारतात. ज्या आवृत्तीवर आम्ही ट्यूनिंग केलं आणि मोटर गरम होत नाहीत याची खात्री केली, तीच देतो. आवृत्ती नवी आहे एवढ्याने ड्रोन चांगला उडत नाही. अपडेट करायचंच असेल तर करा, फक्त आधी फोन करा. प्रत्येक ड्रोनच्या खालच्या प्लेटवर नंबरचं स्टिकर आहे आणि त्या नंबरची 'डिफ' फाईल आमच्याकडे जपलेली आहे. ती व्हॉट्सॲपवर मोफत पाठवतो.

हाती घेताना काय पाहावं

ड्रोन आमच्याकडून घ्या किंवा कुणाचा वापरलेला घ्या, तपासणी तीच. एक्सटी-६० च्या (बॅटरी जोडायच्या कनेक्टरच्या) दोन जाड वायरींचं सोल्डर गुळगुळीत आणि भरलेलं हवं. खडबडीत, गोळा होऊन बसलेलं दिसलं तर ते थंड, म्हणजे नीट न वितळलेलं, सोल्डर आहे, पूर्ण करंटला सुटतं. तिथेच कपॅसिटर असतो. ६एस (सहा सेलच्या) बॅटरीला तो किमान ३५ व्होल्टचा हवा आणि हलवला तर हलता कामा नये. मोटर बोटाने फिरवा, चारही सारख्या लागल्या पाहिजेत. मग खालून टॉर्च मारून स्क्रूची टोकं पाहा. स्क्रू लांब असेल तर तो तांब्याच्या वाइंडिंगला टेकतो आणि मोटर व ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड) दोन्ही जातात. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे रिसीव्हरची अँटेना फ्रेमला चिकटलेली नसावी. शेवटी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून बॅटरीच्या प्लस-मायनसमध्ये शॉर्ट नाही ना, ते पाहा. क्षणभर बीप होऊन थांबला तर तो कपॅसिटर भरतोय. बीप चालूच राहिला तर बॅटरी लावायची नाही.

पहिल्यांदा बॅटरी लावताना

व्हीटीएक्सची अँटेना लावल्याशिवाय बॅटरी लावू नका, नाहीतर व्हीटीएक्स जळू शकतो. स्मोक स्टॉपर वापरा, शॉर्ट असेल तर तो करंट तोडतो आणि बोर्ड वाचतो. (आमच्याकडे आहे. ड्रोनसोबतच घेतलात तर उत्तम.) टेबलावर व्हीटीएक्स २५ मिलीवॅटवर ठेवा आणि शेजारी पंखा लावा. उडताना मिळणारा वारा टेबलावर नसतो, काही मिनिटांत व्हीटीएक्स हात लावू न देण्याइतका तापतो.

ईएलआरएस (रिमोट जोडायची एक रेडिओ पद्धत) रिसीव्हर लागत नसेल तर आधी आवृत्ती पाहा. रिमोट ३ वर आणि रिसीव्हर २ वर, किंवा उलट असेल तर ते जोडले जाणारच नाहीत. मग रिसीव्हरचा दिवा पाहा. सावकाश लुकलुकतोय म्हणजे रिमोटची वाट पाहतोय, दोन-दोनदा लुकलुकतोय म्हणजे बाइंड मोडमध्ये (रिमोटशी जोडी जुळवायच्या अवस्थेत) आहे, भराभर लुकलुकतोय म्हणजे वायफायमध्ये गेलाय, स्थिर झाला म्हणजे लागला. स्थिर असूनही आर्म होत नसेल तर यूएसबी काढा. ड्रोन लॅपटॉपवरच्या बेटाफ्लाईटला जोडलेला असताना आर्म होत नाही, तो बिघाड नाही.

आता मोटरची दिशा. आमचे ड्रोन 'प्रॉप्स आऊट', म्हणजे बाहेरच्या बाजूला फिरणारे, असतात. वरून पाहिलं तर पुढचा डावा आणि मागचा उजवा घड्याळाच्या उलट फिरतात, उरलेले दोन घड्याळाप्रमाणे. बेटाफ्लाईटच्या मोटर टॅबमध्ये एकेक मोटर अगदी हळू फिरवा आणि कागदाची पट्टी बेलला (मोटरच्या फिरणाऱ्या टोपणाला) हलकेच टेकवा, पट्टी ज्या बाजूला ओढली जाते ती दिशा. क्रमही पाहा: १ मागची उजवी, २ पुढची उजवी, ३ मागची डावी, ४ पुढची डावी. क्रम चुकला किंवा प्रॉप उलटे बसले तर ड्रोन उलटतो. दिशेचं सेटिंग उलटं असेल तर भिंगरीसारखा फिरतो. मग ड्रोन हातात धरून नाक खाली करा, लॅपटॉपच्या स्क्रीनवरच्या ड्रोननेही नाक खाली केलं पाहिजे. तो बाजूला कलला तर बोर्डाचा कोन पुसला गेलाय.

फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबणं) प्रॉप न लावता तपासा: आर्म करा, थोडा थ्रॉटल द्या, रिमोट बंद करा. मोटर थांबल्याच पाहिजेत. हे सगळं झाल्यावरच ८ मिमीच्या पान्याने प्रॉप बसवा. आम्ही प्रॉप वेगळे देतो ते याचसाठी. पहिलं उड्डाण अर्ध्या मिनिटाचं, जागेवर. उतरवून मोटरला बोट लावा, चटका बसला तर पुढे उडवू नका, आमच्याकडे आणा.

६एस बॅटरी भरली की २५.२ व्होल्ट. उडताना २१ ला आली की उतरवायची. ठेवायची असेल तर २२.८ वर. थंडीत निफाडकडे सकाळी उडवणार असाल तर बॅटरी आधी खिशात गरम ठेवा, गारठलेली बॅटरी पहिल्याच थ्रॉटलला व्होल्टेज सोडते. द्राक्षबागांच्या तारांपासून लांब राहा. त्या ॲनालॉग कॅमेऱ्यात दिसत नाहीत.

नाशिकला ओझरचा विमानतळ आणि देवळाली, गांधीनगरचे लष्करी तळ जवळ आहेत, त्यामुळे मैदान मोकळं दिसलं तरी सरकारच्या 'डिजिटल स्काय' साइटचा नकाशा पाहिल्याशिवाय उडवू नका. ग्रीन झोनमध्येही (नकाशावर हिरव्या दाखवलेल्या, मोकळ्या भागात) उंचीची मर्यादा ४०० फूट, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. बॅटरीसह ५ इंची ड्रोन २५० ग्रॅमच्या पुढे जातो, म्हणजे तो 'मायक्रो' गटात येतो. गॉगल घालणाऱ्याशेजारी डोळ्यांनी ड्रोन पाहणारा एक माणूस हवाच.

परदेशी साइटवर तयार ड्रोन स्वस्त दिसतो, हेही बरेच जण सांगतात. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात सर्वसाधारणपणे बंद आहे, सुट्या भागांची चालते. म्हणून आमचे ड्रोन इथेच सातपूरला जोडले जातात. त्यामुळे फ्रेमचे दांडे, मोटर, प्रॉप असे सगळे सुटे भाग आमच्याकडे मिळतात. सेटिंग पुसली गेली असतील तर येताना ड्रोन, रिमोट, एक भरलेली बॅटरी आणि अँटेना या चारही गोष्टी आणा. रिमोट घरी राहिला तर काम अर्ध्यावर थांबतं आणि तुम्हाला पुन्हा यावं लागतं.