निवडक ‘रिंग’: तुकडा कुठे तोडायचा?

व्हिएन्नातल्या सोफीएन्झाल या जुन्या नृत्यगृहात १९५८ ते १९६५ या काळात जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेरा-मालिकेचं संपूर्ण ध्वनिमुद्रण झालं. चार ऑपेरा, १९ एलपी तबकड्या. एवढा संच घेण्याची ज्यांची ऐपत नव्हती, त्यांच्यासाठी त्यातूनच निवडक भागांच्या तबकड्या निघाल्या.

तुकड्यांची सवय त्याआधीची. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटंच मावत, त्यामुळे आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकल गाणं, आपोआप सुटी झाली. एप्रिल १९०२ मध्ये मिलानच्या हॉटेलात एका तरुण टेनरची (उंच पट्टीच्या पुरुष गायकाची) दहा गाणी भरणारा तंत्रज्ञच वर्षअखेरीस कोलकात्यात रेकॉर्डी भरत होता. आपली नाट्यपदंही पुढे त्याच मापात बसवली गेली. १९४८ मध्ये एलपी आली, एक बाजू वीस-बावीस मिनिटांवर गेली, आणि अख्खा ऑपेरा घरी ऐकणं सोयीचं झालं. मग त्याच संचातून ‘हायलाइट्स’ काढणंही ओघाने आलं.

इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘त्राव्हियाता’ या ऑपेरात हे सोपं. आरिया संपते, टाळ्या पडतात, तिथेच कापायचं. वाग्नर थांबतच नाही. ‘रिंग’मधला पहिला ऑपेरा ‘राइनगोल्ड’ तर मध्यंतराशिवाय अडीच तास सलग चालतं. १९३०च्या दशकात एका इंग्रज टीकाकाराने अशा तुकड्यांना खाटकाने तोडलेल्या रक्ताळ मांसाची उपमा दिली, आणि शुद्धतावादी अजून तीच उगाळतात. तुकडे पाडायला सुरुवात खुद्द वाग्नरनेच केली, हे मात्र ते सोयीने विसरतात. १८६० सालच्या पॅरिसमधल्या मैफलींसाठी त्याने आपल्या ‘ट्रिस्टान’ या ऑपेराच्या प्रील्यूडला (सुरुवातीच्या वाद्यसंगीताला) वेगळा शेवट लिहिला; १८७७ मध्ये बायरॉइट इथल्या आपल्या ऑपेरा-महोत्सवाची तूट भरून काढायला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये आपल्याच ऑपेरांतले भाग सादर केले.

खरा वाद आहे तो शेवटाचा. मैफलीत समारोपाचे चार सूर जोडता येतात. संपूर्ण ध्वनिमुद्रणातून भाग काढताना बऱ्याचदा आवाज हळूहळू मिटवावा लागतो. अनेकांना हे फेड-आउट भोंगळ वाटतं. मला जोडलेला शेवट जास्त खटकतो. नायक सीगफ्रीडच्या अंत्ययात्रेचं संगीतच घ्या. ‘रिंग’च्या शेवटच्या ऑपेरात, ‘ग्योटरडेमरुंग’मध्ये, ते संपत नाही, पुढच्या प्रवेशात विरतं, त्याला ठाशीव समारोप चिकटवला की सगळं बिघडतं.

त्याहून मोठा घोळ ‘राइनगोल्ड’च्या अखेरीचा. देव वलहाला या आपल्या नव्या महालात शिरतात, ब्रास (पितळी वाद्यं) दणाणतो. पण खालून राइन नदीतल्या राइनकन्या चोरीला गेलेल्या सोन्यासाठी विलाप करत असतात. नुसत्या वाद्यवृंदाच्या तुकड्यात हा विलाप बहुधा गळतो आणि उरते ती विजययात्रा, म्हणजे वाग्नरला म्हणायचं होतं त्याच्या नेमकं उलट. गायकांसकट घेतलेल्या भागात तो शाबूत राहतो. निवडक तबकडीच ऐकायची तर ती संपूर्ण ध्वनिमुद्रणातून काढलेली असावी, एवढ्यासाठीच.

सीडीच्या काळात सगळा संच १४ तबकड्यांत बसला. तरी २०२२ पासून मूळ टेपांवरून नव्याने केलेली आवृत्ती बाजारात येऊ लागली, तेव्हा संपूर्ण ऑपेरांच्या जोडीला निवडक प्रवेशांची तबकडी निघालीच.