खेळ मोफत, मग डिस्कचे पैसे कशाचे?

म्हापशाच्या आमच्या दुकानात, विशेषतः शुक्रवारच्या बाजाराला आलेले ग्राहक, संगणकावरच्या खेळांच्या डिस्कची डबी उलटसुलट करून पाहत एकच प्रश्न विचारतात: "हा खेळ नेटवर फुकट मिळतो ना? मग १५० रुपये कशाचे?" प्रश्न रास्त आहे, पण काउंटरवर गर्दी असताना त्याचे नीट उत्तर देणे जमत नाही, म्हणून हे पत्रक काढले आहे.

खेळाचे आम्ही काहीच घेत नाही. कोरी डीव्हीडी, डबी आणि छापील वेष्टन यांवर सुमारे ५० रुपये खर्च होतात. बाकीचे पैसे वेळेचे आहेत. खेळाची ताजी आवृत्ती उतरवून घेणे, ती जुन्या आणि नव्या अशा दोन्ही संगणकांवर चालवून पाहणे, त्याचा परवाना (तो कसा वापरावा आणि वाटावा याच्या अटी) वाचणे आणि मराठीत सूचनापत्र तयार करणे, हे काम दहा डिस्कसाठी जेवढे, तेवढेच शंभर डिस्कसाठी असते. त्यामुळे शाळेने पन्नास प्रती एकदम घेतल्यास दर बराच उतरतो, आणि एकाच प्रतीवर घासाघीस केल्यास आम्हाला काही सोडता येत नाही. शिवाय आमची डिस्क घेऊन कोणीही तिच्या प्रती काढून वाटू शकतो. परवानाच तसा असल्यामुळे आम्ही अडवू शकत नाही आणि अडवू इच्छितही नाही. अशा मालाची किंमत मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही, हे सुज्ञ ग्राहकाच्या ध्यानात येईलच.

आमचा सर्वाधिक वेळ ज्या एका चुकीमुळे जातो, ती अशी की "फुकट उतरवता येतो" म्हणजे "डिस्कवर भरून विकता येतो", असे बहुतेकांना वाटते. हे दोन हक्क वेगळे आहेत. 'सुपरटक्सकार्ट', 'बॅटल फॉर वेसनॉथ' किंवा 'ओपनटीटीडी' यांचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, जीपीएल या प्रती काढून वाटण्याची मुभा देणाऱ्या परवान्याखाली आहे. त्या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत, प्रत हस्तांतरित करण्याच्या श्रमाबद्दल शुल्क घेण्यास स्पष्ट मुभा दिली आहे. उलट, नुसत्या 'फ्रीवेअर' (फुकट, पण कोड खुला नसलेल्या) खेळांपैकी अनेकांवर पैसे घेऊन वाटप करू नये अशी अट असते. 'डूम' या गाजलेल्या जुन्या खेळाचे प्रकरण तर याहून गुंतागुंतीचे आहे: त्याचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला आणि १९९९ मध्ये जीपीएलखाली आला, परंतु त्यातील नकाशे, चित्रे आणि आवाज आजही कंपनीच्या मालकीचे आहेत. म्हणून आम्ही त्याच कोडवर चालणारा, पण स्वतःची मुक्त चित्रे असलेला 'फ्रीडूम' देतो. ग्राहकाला नाव ओळखीचे वाटत नाही, खेळायला बसला की तक्रार राहत नाही.

मागच्या वर्षी एका शिक्षिकाबाईंनी अकरा खेळांचा पेनड्राइव्ह आणून दिला. प्रत्येकाची फक्त सेटअप फाइल होती, परवाना एकाचाही नव्हता. आम्ही दोन दिवस मूळ संकेतस्थळे धुंडाळली, तेव्हा अकरांतले पाच डिस्कवर घेण्याजोगे निघाले आणि बाई स्वाभाविकच नाराज झाल्या. तरी यापुढे मागणी देताना खेळाच्या मूळ पानाचा पत्ता आणावा, अथवा त्यासोबत येणारी 'कॉपीइंग' किंवा 'लायसन्स' नावाची फाइल तरी आणावी. मग होकार-नकार त्याच दिवशी कळवता येतो.

काही ग्राहकांना आमची दुसरी डिस्क अनावश्यक वाटते. तिच्यात सोर्स कोड असतो. तो सोबत द्यावा, अथवा किमान तीन वर्षे देत राहण्याचे लेखी वचन द्यावे, असे जीपीएल सांगते. तीन वर्षांची आठवण ठेवण्यापेक्षा आम्हाला डिस्क देणे सोपे वाटते. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेले असताना संगणक ४.३७ दाखवतो, तेही फसवणूक नव्हे. मोजण्याच्या दोन पद्धतींतला तो फरक आहे.

डिस्क आम्ही ८ एक्स या बेताच्या वेगानेच भरतो आणि भरल्यावर पुन्हा पूर्ण वाचून पडताळतो, त्यामुळे प्रत्येकीला वेळ लागतो. कारखान्यात साचा करून डिस्क छापून घेणे शेकड्यांनी प्रती लागत असतील तरच परवडते. लॅपटॉपला डिस्क ड्राइव्ह नसल्यास हेच खेळ पेनड्राइव्हवर मिळतील. पेनड्राइव्हची किंमत वेगळी पडेल. चतुर्थीच्या सुट्टीसाठी डिस्क हव्या असलेल्या शाळांनी किमान तीन आठवडे आधी कळवावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या डिस्कवर बुरशी येते. अशी डिस्क पुसत बसू नये, आमच्याकडे आणावी. पहिल्या वर्षात ती विनामूल्य बदलून मिळेल, पावती हरवली असली तरीही.