पार्श्वभूमी: होडी ‘यांत्रिक’ कधी झाली?

कोकणातल्या लहान होड्यांचा वाद, म्हणजे मासेमारीचे निर्बंध कोणत्या होडीला लागू आणि कोणती मोकळी हा, कुठूनही सुरू झाला तरी ‘यांत्रिक’ या एका शब्दाशी येऊन अडतो.

मालवण-वेंगुर्ल्याकडची जुनी होडी अरुंद, एका बाजूला उलांडी (तोल सांभाळणारे तरंगते लाकूड) लावलेली, वल्ह्या-शिडावर चालणारी. बुडाला कोरलेले खोड, वर काथ्याने शिवलेल्या फळ्या, लाकडाला मुशीचे तेल. तिला बंदर लागत नाही, चार माणसे वाळूत ओढून घेतात. रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे, असल्याच होडीतून पाण्यात सुटते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने सहकारी संस्थांमार्फत इंजिनांसाठी कर्जे दिली. ‘यांत्रिक नौका’ तेव्हा कौतुकाचा शब्द होता. मग ट्रॉलर (तळाशी जाळे ओढत नेणाऱ्या नौका) आले, किनाऱ्यालगत तळ खरवडू लागले आणि भांडणे पेटली. गोव्यात रापणकार (रांपण ओढणारे मच्छीमार) सत्तरच्या दशकात रस्त्यावर उतरले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. त्याने ट्रॉलरना कुठे पाच, कुठे दहा वाव (एक वाव सुमारे सहा फूट) खोलीच्या आत मज्जाव केला. गोव्याने किनाऱ्यापासून पाच किलोमीटर धरले, आपण खोली धरली. रात्री दूरवर चाललेला ट्रॉलर किती वाव पाण्यात आहे, हे होडीवाल्याने सिद्ध करायचे तरी कसे?

दरम्यान होडीच्या पाठीमागेही छोटे इंजिन लागले, पुढे लाकडाच्या जागी फायबर आले. खरा गुंता इथला आहे. मत्स्यगणनेत तीन वर्ग असतात. ज्या नौकेत जाळेही यंत्राने ओढतात ती यांत्रिक, जिचे इंजिन फक्त ढकलण्यापुरते ती मोटर लावलेली, आणि तिसरी बिनमोटरची. पावसाळी बंदीच्या आदेशात मात्र दोनच उरतात. पूर्वी ही बंदी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्टपर्यंत असे, आता १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस. तिच्यातून सूट मिळते ती ‘बिगर-यांत्रिक’ नौकांना. हाताने जाळे ओढणारा, पण मागे इंजिन लावलेला होडीवाला यात कुठे बसतो? ते इंजिन दोन पेच सैल केले की हातात येते. मग तीच होडी पुन्हा बिगर-यांत्रिक झाली म्हणायची का? प्रश्न थट्टेचा वाटतो, पण दोन महिन्यांची चूल त्यावर अवलंबून असते.

२०१६ मध्ये पर्ससीनवर (माशांचा थवा वेढून उचलणारे मोठे जाळे) निर्बंध आले तेव्हा याच होड्या ‘पारंपरिक’ म्हणून मोर्च्यांत पुढे होत्या, आणि त्यांचे म्हणणे रास्तच होते. नंतर एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून घेण्याची मासेमारीही बंद ठरली. २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढवला आणि कारवाईचे अधिकार महसूल खात्याकडून मत्स्य खात्याकडे नेले.

इंधनाच्या बाबतीतही या होडीवाल्याची कोंडीच. करपरतावा मिळतो डिझेलवर, आणि होडीमागचे छोटे इंजिन बहुधा पेट्रोल-रॉकेल पिते.