गुण कमी, जीआरईही कमी: परदेशी मास्टर्सचा अर्ज कसा करावा

आधी मार्कशीट सेमिस्टरवार मांडा. एकूण ५५ टक्के, पण पहिल्या वर्षी ४५ आणि शेवटच्या वर्षी ६५ असतील, तर अर्जात जीव आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे शेवटच्या ६० क्रेडिटांची (साधारण शेवटच्या दोन वर्षांची) सरासरी वेगळी पाहतात. जर्मनीत मात्र गुण बदलून घेण्याचे सूत्रच लागते: १०० पैकी ५५, उत्तीर्णतेची मर्यादा ४० धरली तर ३.२५ येतात. तिथे आकडा लहान तितका चांगला, आणि बऱ्याच अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते. अशा ठिकाणी शुल्क भरून हात पोळून घेऊ नका.

टक्क्यांना २५ ने भागून घरच्या घरी जीपीए (४ पैकी सरासरी) काढू नका. फॉर्मवर बहुधा मूळ गुणच मागतात. गोव्यात शिकला असाल तर ट्रान्सक्रिप्टसाठी (विद्यापीठाने प्रमाणित केलेल्या गुणपत्रकासाठी) ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाकडे अर्ज चतुर्थीच्या सुट्टीआधी करा. डिसेंबरच्या मुदती बघता बघता येतात. बॅकलॉग (नापास झालेला विषय) लपवू नका. तो उघडा पडला तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

गुण का घसरले, हे एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) नको. ‘अतिरिक्त माहिती’च्या रकान्यात चार-पाच वाक्ये पुरतात: काय झाले, कधीपासून कधीपर्यंत, आता काय बदलले. आजारपण असेल तर कागद जोडता येतील असे ठेवा. ‘कॉलेजात नीट शिकवले नाही’ हे खरे असले तरी लिहू नये. वाचणारा प्राध्यापकच असतो.

खरे वजन नव्या पुराव्याला. गणितात गुण गेले असतील तर एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम) १२ आठवड्यांचा गणिताचाच कोर्स करा आणि केंद्रावरची परीक्षा द्या. तिला ७५ गुण, असाइनमेंटना २५. नुसते व्हिडिओ पाहून मिळणारी दहा प्रमाणपत्रे याच्यापुढे फिकी. समुद्रविज्ञानाकडे जायचे असेल तर दोना पावलाच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) प्रोजेक्टसाठी विचारा. तिथल्या मार्गदर्शकाने ‘नमुने याने गोळा केले, आकडेमोड याने तपासली’ असे लिहिलेले शिफारसपत्र प्राचार्यांच्या गोडगोड पत्राहून कितीतरी उपयोगी.

जीआरई ही मास्टर्स प्रवेशाची परीक्षा २१ दिवसांनी पुन्हा देता येते, १२ महिन्यांत जास्तीत जास्त ५ वेळा, आणि कोणत्या दिवसाचा स्कोअर पाठवायचा ते तुम्ही ठरवता. जीआरई ‘ऐच्छिक’ असेल तिथे कमी स्कोअर पाठवू नका. पण मार्कशीटही कच्ची असेल तर न पाठवण्याने हाती काहीच उरत नाही. तेव्हा दोन-तीन महिने क्वांटवर (तिच्या गणिताच्या भागावर) घालवून परत बसा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची गोष्ट वेगळी. तिथे किमान बँड म्हणजे किमानच, कारणे सहसा चालत नाहीत.

तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम असेल तर ती चालते का, हे विभागाला ई-मेलने विचारून मगच शुल्क भरा.

आम्ही समुपदेशक एसओपी लिहून देत नाही, तपासून देतो. प्रवेशाची हमीही देत नाही. जो देतो, त्याच्याकडून ती लेखी मागून बघा. पहिल्या भेटीला नापास झालेल्या प्रयत्नांसकट सगळ्या मार्कशीट आणि जीआरईचा स्कोअर आणा. पालक आले तर उत्तम, पण अर्जदाराने यायलाच हवे.