चंदावरचा अर्धा वाटा

1677 च्या पावसाळ्यात कोलेरून नदीकाठी तिरुमळवाडीला दोन भाऊ भेटले. थोरले शिवाजी महाराज, राज्याभिषेकाला नुकती तीन वर्षे झालेले. धाकटे व्यंकोजीराजे, तुकाबाईंचे पुत्र, तंजावरचे धनी. भेटीगाठी, मेजवान्या झाल्या आणि मग महाराजांनी विषय काढला तो वडिलांच्या दौलतीचा. त्यानंतर एका रात्री व्यंकोजी गुपचूप नदी ओलांडून तंजावरला निघून गेले.

या मागणीचे मूळ शोधायला शहाजीराजांपर्यंत मागे जावे लागते. 1638 नंतर आदिलशाहीने रणदुल्लाखानाबरोबर त्यांना कर्नाटकात पाठवले आणि बंगळूरची जहागीर दिली. पुणे-सुपे जिजाबाई आणि शिवबांकडे, कर्नाटक शहाजीराजांकडे, अशी घराची दोन चुली झाल्यासारखी मांडणी झाली. शिवबांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत पडले. जानेवारी 1664 मध्ये होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे वारले, तेव्हा कर्नाटकातले सगळे व्यंकोजींच्या हाती गेले. तंजावर त्यांनी 1675 च्या सुमारास तिथल्या नायक राजांच्या भांडणात शिरून स्वतः मिळवले.

शहाजीराजांचे जुने कारभारी नारो त्रिमल हणमंते यांचे चिरंजीव रघुनाथपंत यांचे व्यंकोजींशी बिनसले आणि ते महाराजांकडे आले. दक्षिणेतल्या दौलतीची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस असा आयता मिळाला. महाराजांच्या दक्षिणेतल्या मोहिमेला त्याने किती बळ दिले असेल, याचा अंदाज करता येतो.

आता हक्काचे बोलू. घरच्या न्यायाने महाराजांची बाजू भक्कम होती. बाप एक, आया दोन, म्हणून वाटणी चुकत नाही. तेरा वर्षे तुम्ही एकट्याने खाल्ले, आता अर्धे द्या, हा त्यांच्या 1678 मधल्या पत्राचा रोख आहे. त्यात आरणी, बंगळूर, कोलार, होसकोटे आणि चंदावर, म्हणजे तंजावर, यांची नावे घेतली आहेत. पण जहागीर म्हणजे वतन, म्हणजे पिढीजात हक्क, नव्हे. ती चाकरीसाठी मिळते आणि देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. आदिलशाहीच्या कागदांत ती व्यंकोजींच्या नावे चालू होती आणि महाराज तर त्या दरबाराचे उघड शत्रू. शिवाय तंजावर शहाजीराजांचे कधीच नव्हते. ते वाटणीत ओढणे मला ताणल्यासारखे वाटते, आणि महाराजांवरच्या भक्तीला त्याने बाधा येते असेही मला वाटत नाही. पुणे-सुपेही वडिलांचीच जहागीर होती. अर्धेच करायचे, तर हिशेब दोन्हीकडून मांडावा लागला असता.

महाराजांच्या मनात केवळ हिस्सा नव्हता, हे त्याच मोहिमेत दिसते. भागानगरला, म्हणजे हैदराबादला, कुतुबशहाशी करार करून ते खाली उतरले आणि आधी तमिळ मुलखातला जिंजीचा किल्ला घेतला. जिंजीचा बापाच्या दौलतीशी काही संबंध नव्हता. उत्तरेकडून मोगल उतरले तर मागे सरकायला जागा हवी, हा विचार त्यामागे असावा असे मी मानतो. वाट्याची भाषा मात्र त्यांनी मनापासून वापरली. घरातल्या थोरल्याने धाकट्याला सुनवावे तसे ते पत्र आहे. दुर्योधनाचे उदाहरण देऊन भाऊबंदकीचा शेवट काय होतो तेही त्यात सांगितले आहे. अर्धे द्या, बदल्यात पन्हाळ्याकडे तीन लक्ष होनांचा (होन म्हणजे सोन्याचे नाणे) मुलूख घ्या, अशी तोडही त्यांनी सुचवली.

त्याआधी नोव्हेंबर 1677 मध्ये महाराजांनी जिंजीकडे ठेवलेल्या संताजी भोसल्यांवर व्यंकोजींनी चाल करून पाहिली होती. दिवसा सरशी झाली, रात्री हार झाली. मग व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई पुढे आल्या आणि तह जुळला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो तो त्यातला बंगळूरचा भाग. बंगळूर, होसकोटे आणि शिरे महाराजांनी भावाला न देता भावजयीला चोळीबांगडीसाठी दिले. मागितलेला वाटा हाती आल्यावर तो घरातल्या बाईच्या नावाने परत गेला.

1689 मध्ये रायगडाला मोगलांचा वेढा पडल्यावर राजाराम महाराज तिथून निसटून जिंजीला गेले आणि 1698 च्या जानेवारीपर्यंत तो किल्ला मराठ्यांकडे राहिला. बंगळूर तोवर म्हैसूरकरांकडे गेले होते. तंजावरला व्यंकोजींच्या वंशाची गादी 1855 पर्यंत राहिली.